बाणांच्या मागे या

माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, तेव्हा नाकावर काहीतरी असायचंच. आठवडाभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता दिसतं का? आणि आता?" असं विचारायचं, आणि शनिवारी दुपारनंतर गणवेश चढवून, गळ्यात स्कार्फ अडकवून स्काऊटचं पथक चालवायचं, असं माझं चाललेलं असतं. पथक मी मागून घेतलेलं नाही. मुलाला सोडायला गेले होते, तेव्हाचे पथकप्रमुख म्हणाले, जरा ही शिट्टी धरा, मी आलोच. ते बदली होऊन गेले, मुलगाही मोठा होऊन शिकायला बाहेर गेला आणि शिट्टी माझ्या गळ्यात पडली ती पडलीच.

सासूबाईंचं या सगळ्याबद्दलचं मत एका म्हणीत मावतं: घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं. ही धाडलेली घोडी दर शनिवारी आमच्याच घरी येतात, त्यामुळे त्यांचं बोलणं अगदीच चूक म्हणता येत नाही. आमच्या पथकाचा एक ठरलेला खेळ आहे. अर्धी मुलं खडू घेऊन पुढे निघतात आणि रस्त्यावर खुणा काढत जातात. बाण म्हणजे इकडे या, फुली म्हणजे इकडे येऊ नका. उरलेली मुलं त्या खुणांवरून त्यांचा माग काढतात. शेवटची खूण म्हणजे एक गोल आणि त्याच्या मध्ये ठिपका. तिचा अर्थ घरी गेलो, खेळ संपला. ही शेवटची खूण आमच्या पायरीवर काढायची, कारण बिस्किटांचा डबा आमच्याकडे. मी मागे राहून तंबू गुंडाळते, पथकाच्या खोलीला कुलूप लावते, वाटेत भाजी घेते, आणि घरी पोचते तोवर मुलं चहा-बिस्किटं आटोपून कप विसळत असतात आणि सासूबाई खिडकीपाशी शिवणाच्या मशीनवर बसून कुरकुर करत असतात. इतकी वर्षं हेच चाललंय.

पण पथकाला गळती लागली. कुणी पोहायला जायला लागलं, कुणाचे क्लास सुरू झाले, कुणाच्या घरी नवा मोठा टीव्ही आला. आमचे संघटक साहेब, म्हणजे भागातली सगळी पथकं ज्यांच्या हाताखाली येतात ते गृहस्थ, एकदा दुकानात चष्म्याचा नंबर तपासायला आले आणि जाताना सांगून गेले की एवढ्या थोड्या मुलांवर पथक ठेवता येणार नाही. नव्या पालकांसाठी एक परिचयाची संध्याकाळ ठेवा, तिला नवी घरं आली तर ठीक, नाहीतर आमचं पथक पुलापलीकडच्या पथकात विलीन. पुलापलीकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात. अर्धी मुलं तिथे पोचणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आमची बॅटरी तर नक्कीच नाही, तिच्या आईची नोकरी संध्याकाळची. बॅटरी ही आमची संघनायक, लांब वेणीची. दिवसाढवळ्याही खिशात बॅटरी बाळगते, म्हणून तिचं नाव तसं पडलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, त्यामुळे पुढच्या दोन गिऱ्हाइकांना मी उगाचच महागाच्या काचा दाखवल्या.

मग मी कंबर कसली. पत्रकं छापली, शाळांच्या दारात वाटली, दुकानात प्रत्येक चष्म्याच्या डबीत एक घातलं. पत्रकावर पत्ता छापला नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं की बाई, पत्ता कुठाय? मी म्हटलं, स्काऊटकडे कुणी पत्ता विचारत येतं का? माग काढत येतात. पत्रकावर मी ठळक अक्षरांत छापलं होतं: शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या दारापासून बाणांच्या मागे या. नवरा म्हणाला, हात दाखवून अवलक्षण करू नकोस. नवऱ्याचं ऐकायचं असतं तर मी पथक कशाला चालवलं असतं.

शनिवारी सकाळी मुलांनी वाचनालयापासून आमच्या खोलीपर्यंत झकास बाण काढले. आमची खोली पोहण्याच्या तलावामागे आहे, पूर्वी तिथे पंप ठेवायचे. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्याला रस्ता फुटतो. उजवीकडे गेलं की आमची खोली, डावीकडे आमची गल्ली. डावीकडे खेळातले जुने बाण होते, त्यांनी पाहुण्यांचा घोळ होऊ नये म्हणून मी बॅटरीला बजावलं होतं की कोपऱ्यापासून आमच्या पायरीपर्यंतचं सगळं पुसून टाक, पायरीवरच्या खुणेसकट. तिने येऊन सांगितलं, पुसलं.

संध्याकाळी आम्ही सज्ज होतो. तलावावरून मागून आणलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्या थोड्या ओलसर होत्या. दोन झाडांमध्ये दोरांचा पूल बांधला होता. मुलं दारात रांगेने उभी होती, डावे हात पुढे करून, कारण आमच्यात हस्तांदोलन डाव्या हाताने करतात. संघटक साहेब वेळेआधी आले. देह दांडगा, आवाज मात्र बारीक. त्यांनी सगळ्या मुलांशी डाव्या हाताने हात मिळवला, पुलाचं कौतुक केलं आणि ओलसर खुर्चीत बसले.

कुणीच येईना.

वेळ झाली, वेळ उलटली. मुलांचे डावे हात हळूहळू खाली आले. मी उगाच पुलाची एक गाठ सोडून पुन्हा बांधली. मग माझं डोकं फिरायला लागलं. लोकांना सगळं घरपोच लागतं, असं मी साहेबांना ऐकवलं. चष्मा घरपोच, भाजी घरपोच, मुलंही शिकवून घरपोच हवीत. चार बाण बघत चालायचं तर यांचे पाय दुखतात. साहेब मान हलवत होते. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण ते हळहळत होते.

"बाई, तुम्ही प्रयत्नात काही कमी केलं नाहीत," ते म्हणाले. "पण माणसंच नसतील तर मी वर काय सांगू?"

बॅटरी माझ्या बाजूलाच उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिने स्कार्फ नीट केला, तो नीटच होता. ताई, मी कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून येऊ का, असं तिने विचारलं, आणि मी खेकसले की आता बघून काय उजेड पडणार आहे. तेवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"तुझी माणसं इथे आलीयत," त्या म्हणाल्या.

"कुठली माणसं?"

"मला काय माहीत कुठली. खुर्च्या संपल्या, आता पलंगावर बसलीत. येताना दूध आण."

आणि त्यांनी फोन ठेवला. त्या नेहमीच आपलं झालं की ठेवतात.

आम्ही सगळे निघालो. पुढे मी, मागे साहेब, त्यांच्या मागे गणवेशातली मुलं. लोक वळून वळून बघत होते. कोपऱ्यावर पोचल्यावर अर्धा उलगडा झाला. औषधांच्या दुकानातला माणूस रोज दुपारी दुकानापुढे बादलीभर पाणी मारतो. आमचे उजवीकडचे पांढरे बाण त्याने साफ धुऊन काढले होते. आणि डावीकडे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, ठसठशीत बाण. मी बॅटरीकडे बघितलं. ज्या नजरेने बघितलं ती नजर बरी नव्हती.

"ताई, मी पुसले होते," ती म्हणाली. "ओल्या फडक्याने."

आमच्या पथकाचा पहिलाच नियम आहे की स्काऊटच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. नवीन मुलांना हा नियम मीच पाठ करून घेते. पण तिचा शब्द खरा आणि बाणही खरे, म्हणजे मग काय समजायचं? बॅटरी तिथेच गुडघ्यांवर बसली, भर संध्याकाळी उजेडात तिने खिशातली बॅटरी काढून बाणावर मारली आणि बोटाने खडू पुसून बघितला.

"हा आपला खडू नाहीच. हा निळा आहे."

खरंच निळा होता. आमच्याकडे फक्त पांढरे खडू असतात. आणि हे बाण फारच जवळजवळ काढले होते, एकापुढे एक, मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ज्याचा अजिबात भरवसा नाही अशा कुणीतरी काढल्यासारखे. साहेब वाकून म्हणाले की काम नवशिक्याचं दिसतंय, पण रस्ता चुकायची सोय ठेवलेली नाही. त्या बाणांच्या मागे आम्ही आमच्याच घरी पोचलो.

दारात चपलांचा ढीग. पायरीवर मोठा निळा गोल, मध्ये ठिपका. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? मी तिकडे ओलसर खुर्च्या मांडून बसले होते आणि गर्दी माझ्या घरात.

आत अख्ख्या जिल्ह्याची माणसं असावीत असं वाटलं. निवांत मोजलं असतं तर पाच-सहा घरं निघाली असती. पलंगावर एक नर्सबाई आणि त्यांची जुळी मुलं. खुर्चीत एक विमा एजंट, शेजारी बायको, पायाशी मुलगा. दाराला टेकून गाडी चालवायला शिकवणारे एक गृहस्थ, त्यांच्या मागे लपलेली त्यांची मुलगी, तिचा फक्त एक कान आणि एक रिबीन दिसत होती. आणि मध्ये, मशीनच्या स्टुलावर, सासूबाई. त्या बोलत होत्या. मी आले हे त्यांनी बघितलं, हाताने थांब असं खुणावलं आणि बोलत राहिल्या. नव्या पालकांसमोर आमच्या पथकाबद्दल त्या काय सांगत असतील, या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि झालंही तसंच. त्या तक्रारींचा पाढा वाचत होत्या.

"ही पोरं म्हणजे डोक्याला ताप आहे. दार वाजवतात आणि या म्हटल्याशिवाय आत येत नाहीत. मग गुडघे धरत मलाच उठावं लागतं. चहा प्यायले की आपापले कप धुतात. धुतात ते धुतात, आणि ठेवतात कुठे? साखरेच्या डब्यामागे. मी हुडकत बसते. नळ गळत होता आमचा, ती वेणीवाली बॅटरी तोंडात धरून ओट्याखाली शिरली आणि तिने बंद केला. आता रात्री त्या टपटपीशिवाय मला झोप लागत नाही. कुणाला सांगू? बॅज मिळवतात ते मिळवतात, शिवायला माझ्याकडे आणतात. नखाएवढे बॅज. शिवून शिवून डोळे गेले, सून चष्म्याच्या दुकानात असून उपयोग काय?"

साहेबांना हसू आवरत नव्हतं. मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं.

"खोटं बोलत नाहीत, हा तर फारच मोठा त्रास," सासूबाई पुढे म्हणाल्या. "चहा कसा झालाय म्हणून विचारलं तर तो बारका तोंडावर सांगतो, आजी, आज पांचट झालाय. मागे एका बुधवारी मी न्हाणीघरात घसरून पडले. ही दुकानात, मुलगा कामावर. बॅज शिवून घ्यायला ही फौज आली, मला उठूच देईनात. हलू नका आजी, हलू नका आजी. माझी शिवणाची पट्टी घेतली, गळ्यातले स्कार्फ काढले आणि पाय असा करकचून बांधला की विचारू नका. मोडलं काहीच नव्हतं. पण गाठी सोडवायला त्यांनाच दिवेलागण झाली. मी म्हटलं, सुनेला सांगू नका. तर म्हणतात, आपणहून नाही सांगणार, पण त्यांनी विचारलं तर खोटं नाही बोलणार. नशीब माझं, हिने कधी विचारलंच नाही."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मुलांकडे बघितलं. सगळी जमिनीकडे बघत होती, फक्त बारका माझ्याकडे बघत होता. मी विचारेन म्हणून तो उत्तर तयार ठेवून उभा होता.

नर्सबाईंनी विचारलं की पाय नक्की कुणी बांधला. बारक्याने डावा हात वर केला. त्यांनी त्याला जवळ बोलावून स्वतःच्या मनगटावर बांधून दाखवायला सांगितलं, आणि त्याने बांधलेली गाठ ओढून ओढून बघितली. मग जुळ्यांकडे वळून म्हणाल्या, तुम्हाला साधी बुटाची नाडी येत नाही. विमा एजंट इतका वेळ गप्प होता. विमा एजंट गप्प बसतो म्हणजे काहीतरी गंभीर असतं. त्याने घसा खाकरून विचारलं, "आजी, कप खरंच स्वतः धुतात?"

"सांगितलं ना, साखरेच्या डब्यामागे ठेवतात," सासूबाई वैतागून म्हणाल्या. एजंटने आपल्या मुलाकडे बघितलं, बायकोने एजंटकडे बघितलं, आणि त्या घराचा निकाल तिथेच लागला.

मग सासूबाईंनी मला पुढे केलं. आता हिलाही काहीतरी बोलायचंय, घ्या ऐकून, अशी माझी ओळख करून दिली. माझ्या खिशात भाषण होतं. त्यात शिस्त, निसर्ग, नेतृत्व वगैरे सगळं होतं, आठवडाभर मी ते आरशासमोर म्हटलं होतं. मी म्हटलं, आईंनी सांगितलं त्यात मला काही घालायचं नाही, मी दूध तापवते.

चहा झाला. मुलांनी नव्या मुलांना ओट्यापाशी नेलं आणि कप कसे विसळायचे ते दाखवलं. गाडी शिकवणाऱ्यांची मुलगी बापामागून कधी बाहेर आली ते कळलंच नाही. बॅटरीने तिच्या हातात बॅटरी दिली होती आणि ती ओट्याखाली वाकून तो न गळणारा नळ बघत होती. तिचे वडील मला हळूच म्हणाले की नव्या घरी आल्यापासून ती परक्या माणसाजवळ उभीच राहिली नव्हती. साहेबांनी चहा संपवून कप खाली ठेवला. सगळी मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. साहेब उठले, मोरीशी गेले, कप धुतला आणि नेमका साखरेच्या डब्यामागे ठेवला. पत्रकांच्या पाठीवर सगळ्यांनी नावं लिहून दिली. जाताना दारात साहेबांनी पुलापलीकडचा विषय काढला, तो एवढाच, की त्या पथकाला एकदा इथे चहाला पाठवायला हवं. त्यांनी डावा हात पुढे केला. माझा हात त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

निघताना मी बॅटरीला पायरीवर थांबवलं. तुझ्या शब्दावर मी विश्वास ठेवला नाही, माझं चुकलं, असं सरळ सांगितलं. ती म्हणाली, ताई, तुम्ही चिडता तेव्हा तुम्हाला नीट दिसत नाही. एवढं बोलून ती पळाली. चष्म्याच्या दुकानातल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं.

घर रिकामं झालं. सासूबाई मशीनचा खण उघडून काहीतरी आत सरकवत होत्या. पुढे होऊन बघितलं तर कापडावर खुणा करायचा चपटा निळा खडू. त्यांच्या गाऊनवर दोन्ही गुडघ्यांपाशी निळे गोल उमटले होते. मग माझी ट्यूब पेटली.

"आई, ते बाण तुम्ही काढले?"

"मग कोण काढणार?" त्यांनी खण लावला. "सकाळी बॅटरी फडकं घेऊन आली. कोपऱ्यापासून पायरीपर्यंत एकेक पुसत गेली. मी खिडकीत बसले होते. वर बघितलंसुद्धा नाही तिने, निघून गेली. आणि तू परवा फोनवर कुणाला तरी सांगत होतीस, आता सगळी पुलापलीकडे जाणार म्हणून."

मी त्यांना म्हणणार होते की अहो, पाहुण्यांचा घोळ होऊ नये म्हणून पुसायला मीच सांगितलं होतं. नंतर म्हणू, असं ठरवलं.

"मग बाण नकोत का?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पोरं रस्ता चुकली असती."

इतक्या वर्षांत ती मुलं डोळे बांधून सोडली असती तरी आमच्या दारात आली असती. हे त्यांनाही ठाऊक होतं. या बाईंना शनिवारी घोड्यांचा त्रास होतो म्हणून दर आठवड्याला मी आधी बिस्किटं आणि मग दिलगिरी आणत होते.

"पायरीवरच्या खुणेचा अर्थ माहीत आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"गोल आणि मध्ये ठिपका. घरी गेलो," त्या म्हणाल्या. "माहीत नसता तर एवढ्या गुडघ्यांनी खाली बसून काढला असता का?"

मग त्यांनी खण पुन्हा उघडला, निळा खडू काढला, मधोमध मोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला.

"पुढच्या शनिवारी कोपऱ्यापासूनचे बाण तू काढ. मला नाही होत आता. पायरीवरचं मी बघते."